थोरलीवरच्या निबंधातली एक ओळ

प्रिय सुमे,

तुला पत्र लिहायला मी बसले, आणि तेही तू वाचायला नसताना. अक्षर रेखाचं आहे, बोलणं माझं. सून माझी समोर बसलीय, तुझ्यासारखीच कपाळाला आठी घालून. मी बोलते तसंच लिही म्हटलंय, पण मध्येच वाक्य सरळ करते. तूही करायचीस. लिहिता येणाऱ्या सगळ्या बायका अशाच का गं?

तू गेलीस म्हणून काल शनिवारी मंडळात तुझ्यासाठी बैठक झाली. तिथं जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय घास गिळेना, म्हणून आज सकाळीच रेखाला बसवलं. भाकरी व्हायच्या राहिल्यात. राहू देत.

मला त्या मंडळात तूच ओढत नेलंस, आठवतंय? म्हणालीस, समाजमंदिराच्या हॉलमध्ये बायका जमतात, दर महिन्याला एकीनं निबंध लिहून आणायचा आणि सगळ्यांपुढं वाचायचा. मी म्हटलं, 'मी तितं काय करू? विड्या वळू?' तू म्हणालीस, 'आक्का, वाचणाऱ्या पुष्कळ झाल्यात. ऐकणारी पाहिजे.'

आणि मालतीबाईंचा तो नियम. बँकेतून बाई निवृत्त झाल्या, त्यांचे नियम नाही झाले. निबंध संपला की आधी खोड काढायची, मग कौतुक, मग चहा. एक तरी खोड निघाल्याशिवाय किटली हॉलमध्ये यायची नाही. शेजारणीला कोण दुखावणार? बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसायच्या आणि शेवटी सगळ्या माझ्याकडं वळायच्या. मला कसली भीड? त्या मंडळाला इतकी वर्षं वेळेवर चहा मिळाला तो माझ्यामुळं.

तुझ्या तर किती खोडी काढल्या. हजेरी घेतल्यासारखी वाचायचीस. शाळेतून निवृत्त झालीस तरी वाटायचं, आता माझं नाव येणार आणि मला हजर म्हणावं लागणार. शिवाय प्रत्येक निबंधात तो 'तथापि'. मी विचारलं, 'हा कोण पाहुणा, दर खेपेला मधेच येतो?' चिडलीस. रस्ताभर बोलली नाहीस. पण पुढच्या निबंधात पाहुणा नव्हता.

माझी पाळी आली की मी सांगायचे आणि तू लिहायचीस. हॉलमध्ये तू वाचायचीस आणि मी शेजारी हात बांधून उभी, चोरी पकडल्यासारखी. एकदा मला अक्षरं शिकवायला पण बसलीस. पाटीवर 'अ' काढून दिलास. मी त्याच पाटीवर शेंगा फोडल्या. म्हणालीस, 'आक्का, तुला येईल गं, मनावर घे.' आलं असतं, मलाही ठाऊक होतं. पण मग रोज दुपारी तू माझ्याकडं कशाला आली असतीस? ह्या वयात मला अक्षरापेक्षा तू हवी होतीस.

आता त्या निबंधाचं बोलते.

तुझं दुखणं साधं नाही, हे तुझ्या मुलानं मालतीबाईंना फोनवर सांगितलं होतं. त्या दिवशी तू यायच्या आधीच त्या म्हणाल्या, 'आज खोड नको हं, आक्का. आज नुसतं कौतुक.' बायकांनी माना हलवल्या. वाईट मनानं नाही गं. तुझी माया होती सगळ्यांना.

तू खुर्चीत बसून वाचलास. निबंधाचं नाव 'थोरली'. वैरागजवळची तुमची वस्ती, मधला ओढा, थोरल्या बहिणीनं तुला कडेवर घेऊन तो ओलांडणं, शाळेच्या दाराशी उतरवणं. छान चाललं होतं. मग ती ओळ आली. 'थोरलीला शाळेची आवड नव्हती, म्हणून ती घरी राहिली आणि मी शिकले.' तेवढी ओळ वाचताना तुझा हजेरीचा आवाज गेला. वाचलीस, मान वर केलीस आणि थेट माझ्याकडं बघितलंस.

मी तोंड उघडलंच होतं. मालतीबाईंनी घाईनं माझ्या हातात कप दिला. रिकामा. चहा मागून आला. किटली दारात दिसली आणि तुझा चेहरा उतरला. खोड न निघता चहा आला, म्हणजे काय, हे तुला कुणी सांगायला नको होतं.

येताना रिक्षात म्हणालीस, 'आक्का, आज माझा निबंध कुणी ऐकलाच नाही.' मी म्हटलं, 'उद्या बोलू.' तू माझ्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात नेलं. पुढं मी भेटायला आले तेव्हा तोंडावर तो मास्क, नाकात नळी. मी तुझे पाय चोळत बसले. निबंधाचं काय बोलणार होते तिथं?

ती ओळ खरी नाही, हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, माझ्या ओट्यावर शेंगाचटणी कुटताना. तुमचे वडील म्हणाले होते, एकीनं शाळेत जायचं, एकीनं म्हैस राखायची. तू धावत जाऊन पिशवी खांद्याला लावलीस. थोरलीनं म्हशीचा कासरा धरला. मग ती म्हैस घेऊन शाळेच्या मागं यायला लागली. वर्गाच्या खिडकीतून दिसायची. पोरी हसतील म्हणून तू जागा बदललीस आणि खिडकीकडं पाठ करून बसायला लागलीस. हे सांगताना तुझा हात थांबला होता. मी म्हटलं, 'कूट की, लसूण राहिलाय.' काहीतरी बोलायला पाहिजे होतं ना मला.

मग निबंधात तसं का लिहिलंस, सुमे? मला वाटतं, खरं तुझ्या तोंडून निघत नव्हतं. कुणीतरी पकडावी म्हणून ती ओळ तू तिथं ठेवलीस. कुणीतरी म्हणजे मीच. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलंस. स्वतः बोलायच्या वेळी अशी आडवाट का धरलीस?

काल मालतीबाईंनी तोच निबंध वाचायला घेतला. आणि तुझी थोरली आली होती. कौसल्या. तुझ्या मुलानं तिला वैरागहून गाडीनं आणलं. नाक अगदी तुझं. डोक्यावरचा पदर जागचा हलत नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

'तुमीच का आक्का? सुमी लई सांगायची तुमचं.'

'काय सांगायची?'

'म्हनायची, आक्काच्या जिभंला हाड न्हाई.'

बघ, म्हणजे वैरागपर्यंत माझी अब्रू पोचवून ठेवली होतीस.

मालतीबाई वाचत होत्या. ओढ्याचं आलं तेव्हा थोरली हसली, हळूच मला म्हणाली, 'लई जड हुती सुमी.' मग ती ओळ आली. हसू गेलं. गुडघ्यावरचं लुगडं ती तळहातानं सारखं करत राहिली, करतच राहिली. निबंध संपला. बायकांनी डोळे पुसले आणि मालतीबाईंनी चहावालीला खूण केली.

मी म्हटलं, 'चहा थांबवा. खोड निघाली न्हाई अजून.'

'अहो आक्का, आज तरी...'

'आज तर पायजेच. त्या दिवशी चहा पाजून तिला गप केलंत तुमी. आवड न्हवती, ही ओळ खोटी हाय.'

थोरलीनं माझं मनगट धरलं. 'न्हाई ओ. खरंच लिव्हलंय सुमीनं. न्हवतीच मला आवड.'

'तुमाला कुनी सांगितलं, न्हवती म्हनून?'

ती म्हणाली, 'आबा म्हनायचे.'

'माझ्याकडं चुलता म्हनायचा. मी बी समद्यांना तेच सांगत आले. आवड न्हवती म्हटलं की लोक फुडं विचारत न्हाईत.'

इथं रेखाचा हात थांबलाय. म्हणते, 'आत्या, मला पण तुम्ही हेच सांगितलं होतं.' हो, सांगितलं होतं. लिही पुढं.

मनगट सोडलं नाही तिनं. मग बोलायला लागली, कुणाकडं न बघता. 'आमची म्हस वाळली हुती. ओढ्याकाठी मायंदाळ गवत, पर मी तिला रोज शाळंमागं न्यायची. तितं काय, नुसता मुरूम. मास्तरांचा आवाज यायचा तितवर. आबा म्हनायचे, हिला शाळंचीबी आवड न्हाई आन म्हसबी राखता यीना.'

बायका हसल्या. आणि मग एकेक करून गप्प झाल्या.

ती म्हणाली, 'शाळा सुटली की पोरं वरडत पळायची. मला मातर कसंतरीच व्हायचं.'

मालतीबाई तुझे कागद हातात घेऊन तशाच उभ्या. सगळ्यांना नियम शिकवणारी बाई, पण तिलाच कळेना काय करावं. शेवटी विचारलं, 'कौसल्याबाई, ही ओळ बदलू का आम्ही? छापायचाय हा निबंध.'

'नगं. तिच्या हातची हाय ती. ऱ्हाऊ द्या.'

चहा किटलीत गार झाला. कुणी मागितला नाही.

हॉलच्या पायऱ्या उतरताना मी तिचा हात धरला होता, का तिनं माझा, देव जाणे. तेव्हा ती जे बोलली ते अजून माझ्या छातीत रुतलंय. म्हणाली, 'सुमीचं लई ध्यान अब्यासात. मी मागं असायची, पर तिनं कदी वळून बगितलं न्हाई. येवडी हुशार हुती.' अभिमानानं सांगत होती, सुमे. इतकी वर्षं ती तुझी पाठ तिनं हुशारी म्हणून सांभाळून ठेवलीय.

माझ्या जिभेला हाड नाही म्हणतेस ना? काल होतं. खिडकीचं मी तिला सांगितलं नाही. पायऱ्या उतरल्यावर तुझा मुलगा तिला गाडीत बसवायला आला आणि मी नुसती हात हलवत उभी राहिले.

राग येतो तुझा. वैराग काय परदेशात आहे? एसटीनं जाऊन तिच्यापुढं बसली असतीस, म्हणाली असतीस, बाई, मी तुला बघायचे. तिनं तुला मारलं असतं का? उलट जेवू घातलं असतं. हॉलभर बायकांसमोर निबंध वाचलास, आणि जिला सांगायचं तिलाच सांगायचं राहिलं.

रात्र सरत नाही म्हणत नाही मी. दुपार सरत नाही. तुझ्या यायच्या वेळेला मी अजून दाराची कडी काढून ठेवते. रेखा बघते, बोलत नाही. शहाणी आहे.

पुढची पाळी माझी होती. ती मी थोरलीला देऊन टाकली, मालतीबाईंना विचारलं सुद्धा नाही. ऊन थोडं उतरलं की रेखाला घेऊन वैरागला जाणार. थोरली सांगेल, रेखा लिहील, वाक्य सरळ न करता. तो निबंध हॉलमध्ये वाचला जाईल, आणि खोड काढायला मी असेनच.

आणि खिडकीचं मी तिला सांगणार आहे. तिथंच, तिच्या ओसरीवर, आम्ही दोघीच असताना. तुला आवडो न आवडो. ती समजते तिला कुणी बघितलंच नाही. तू पाठ फिरवलीस, सुमे, म्हणजे आधी तिला बघितलं होतंस. एवढं तिच्यापर्यंत पोचवते, हा माझा शब्द.

तुझीच,
आक्का