सोनगीरचे नमुने

धुळे, मंगळवार संध्याकाळ

हात पुन्हा पुन्हा धुतले, तरी भीती जात नाही.

सोनगीरच्या एकाच घरातले तिघं आज तापाने दवाखान्यात आले. आमच्या लॅबमध्ये काहीच सापडेना, म्हणून त्यांचे नमुने बर्फाच्या डब्यात भरून मीच पुण्याच्या विषाणू संस्थेकडे पाठवले. त्या घरातली म्हातारी दवाखान्याच्या दारातच होती. "भाऊ, यानं औषध शे ना?"

"शे, आहे औषध," मी म्हणालो. का म्हणालो?

डॉक्टरबाईंना विचारलं, नवाच विषाणू निघाला तर?

"नमुने जगभर जातील. त्यातून लस बनली तर आपल्यालाही वाटा मिळावा असा देशादेशांत करार झालाय. पण पुरेशा देशांच्या संसदांनी तो अजून मंजूर केलेला नाही."

म्हणजे डबा आधी जाणार, लस नंतर कधीतरी. मागच्या साथीत माझा थोरला भाऊ, दादा, लशीची वाट बघतच गेला. त्या संसदांमध्ये कोणाला घाई असेल?

घरी वेगळ्या खोलीत बसलोय. मुलीला सांगितलं, माझं ताट दाराबाहेर ठेव.  तिने ताट ठेवलं आणि स्वतःचंही ताट घेऊन दाराला टेकून तिथेच जेवायला बसली. लांब जा म्हणतोय, ऐकत नाही.