सँडलच्या पट्ट्याचा वळ

गुरुवार, संध्याकाळ, रेसिडेंट हॉस्टेल

सँडल काढून बराच वेळ झाला, तरी पट्ट्याचा वळ पायावर तसाच आहे.

सकाळी चकलांब्याची एक बाई ऊसतोडीच्या फडावरून थेट ओपीडीत आली. सातवा महिना, पाय सुजलेले, बीपी भलतंच वाढलेलं. मी चिडलेच. "आधी कावून आला न्हाईत?"

"मुकादम सोडंना, म्याडम. डोकं दुखायचं, पर म्हनलं जागरनानं असंल."

मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. मलाही सातवाच. दुपारी त्या बीपीनंच तिला झटके आले. अजून शुद्धीवर नाही.

विभागप्रमुख सर परवाच म्हणाले होते, "आत्ता रजा घेतलीस, तर एमएसची परीक्षा सहा महिने पुढं जाईल." तेव्हापासून मी स्वतःचं बीपी मोजलेलंच नाही. आकडा दिसला की रजा घ्यावीच लागेल ना! मग माझा मुकादम कोण? सर, की मीच?

बीपीचं मशीन समोर टेबलावर आहे. हात पुढे करायचा, एवढंच.

वळ अजून गेलेला नाही. दुपारपासून डोकंही ठणकतंय. जागरणानं असेल.