बानावहिनीची सीलबंद बाटली

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
औरंगाबाद, ता. १२ ऑक्टोबर १९६९

तीर्थरूप दादास धाकटी बहीण राजा हिचा शि. सा. न. वि. वि.

बानावहिनीबरोबर पाठवलेलं सामान पोहोचलं. तूप एक किलो, बाजरी एक पायली, एक घोंगडी. एसटीत लगेजचे चाळीस पैसे पडले. ते मी देऊ केले, तर वहिनीनं माझाच हात मुठीत दाबून ठेवला.

आता काळजीची गोष्ट. काल सकाळी क्रांती चौकात अन्नभेसळीचे इन्स्पेक्टर आले आणि घरोघर रतीब घालायला निघालेल्या वहिनीच्या कॅनमधून दुधाचा नमुना घेतला. पाणी घातलंय का, असं त्यांनी विचारलं. दुसरी कोणी असती तर देवाची आण घेऊन नाही म्हणाली असती. आपली वहिनी म्हणाली, घातलंय की, रोज घालते, चार थेंब! निरसं दूध परक्याच्या दारी गेलं की म्हशीला दृष्ट लागते, कास आटते, हे आपल्यातलं शेंबडं पोरही जाणतं. कायद्याला ते कोण सांगणार?

मग त्यांनी नमुन्याचे तीन भाग करून तीन बाटल्यांत भरले, लाखेचं सील केलं, कागदावर वहिनीचा अंगठा घेतला. एक बाटली तपासणीला गेली, एक त्यांच्याकडे राहिली, एक वहिनीला दिली. दादा, ती बाटली म्हणजे आपला साक्षीदार. दूध टिकावं म्हणून त्यात औषध घातलंय, ते विषारी असतं. सील फोडू नको, कुणाला चाखू देऊ नको. ह्यांनी ऑफिसात चौकशी केली. गुन्हा शाबीत झाला तर सहा महिन्यांची कैद आहे. वहिनीला एवढ्यात सांगू नको.

लोभ आहेच, तो काळजीपायी आटू देऊ नये.
तुझी राजा

फुलंब्री, ता. २० डिसेंबर १९६९

चि. सौ. राजास मल्हारीदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडं सगळे खुशाल हैत, पण घरात कुणाला घास गोड लागंना. तपासणीचा कागद आला. दुधात पाणी हाय म्हणं. समन्सबी आलं. सहा महिन्यांचं मी बोललो नव्हतो, पण शिपायानंच तिला सांगून टाकलं.

बाटलीची तर येगळीच तऱ्हा. दोन महिने झाले, दूध नासंना! औषधाचं सांगितलं तरी कुणाला पटंना. अख्खी गल्ली बघून गेली. माझी सासू चतुराबाई म्हणती, करणी हाय, नेऊन बिरोबाच्या पायरीवर वता. मागल्या अवसेला तिनं बाटली पदराखाली घेतलीबी होती. बानानं वेशीतून माघारी आणली. आता कणगीत बाजरीखाली ठेवलीया.

वकील चांगला मिळाला. तो म्हणतो, सोपी वाट हाय. दूध इकायचं नव्हतंच, नणंदेच्या घरी चाललं होतं, असं सांगायचं. इकायचं नसल तर गुन्हाच नाय. तू मॅट्रिक झालेली, तुझा शब्द कोर्टात वजनाचा. तारखेला तेवढं येऊन सांग. तुझ्या भावजयीसाठी एवढं कर, बाई. मी आजवर तुला काय मागितलं नाय.

जावईबापूंना रामराम. उत्तर लवकर दे.
तुझा दादा

औरंगाबाद, ता. २४ डिसेंबर १९६९

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापुढं ठेवून दोनदा वाचलं. तू बकऱ्या विकून माझी फी भरलीस, हे मी विसरले नाही. म्हणूनच सांगते, मी खोटं बोलणार नाही.

वहिनी आमच्याकडे रोज एक लिटर घालते, माझ्या डायरीत तारखेवार आहे. कॅन अकरा लिटरचा. आम्ही चौघं अकरा लिटर दुधाचं काय करतो, अंघोळ? असं कोर्टानं विचारलं तर तुझा वकील काय उत्तर देईल? आणि ईश्वराला साक्षी ठेवून खोटं सांगितल्यावर एकादशीला मी हात कुठल्या तोंडानं जोडू?

दुसरी वाट आहे. आपली बाटली कोर्टामार्फत कलकत्त्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येते. त्यांचा निकाल शेवटचा, इथला कागद मग रद्द. पण तिथूनही पाणी निघालं तर पुढं दार नाही. म्हणून वहिनीला एकच विचार. थेंब चारच होते ना? ती हो म्हणाली तर माझा विश्वास आहे. तिथली फी मी भरीन.

रागावलास तरी बहिणीला तोडू नको.
तुझी राजा

औरंगाबाद, ता. १८ मार्च १९७०

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनी सुटली!

तुझ्या मेंढ्या नेमक्या आताच व्यायच्या म्हणून तू आला नाहीस, पण बघायला हवं होतंस. वकिलानं शेवटपर्यंत तिच्या कानाशी तेच चालवलं होतं, की इकायचं नव्हतं म्हण. न्यायाधीशांनी विचारलं तशी वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली की, साहेब, दूध इकायचंच होतं, अकरा वर्षं इकते, चार थेंब घालते, पाचवा घातला असंल तर म्हस माझ्या दारात उभी राहू नये. वकिलानं कपाळाला हात लावला. माझा मात्र ऊर भरून आला.

मग कलकत्त्याचा कागद वाचला. स्निग्धांश सात टक्क्यांवर, बाकी सारं कायद्यात बसणारं, वरून पाणी नाही. इथल्या तपासणीत कमी का पडलं कोण जाणे. इथं तपासलेली बाटली आतून ओली असेल, असं वकील म्हणतात. न्यायाधीशांनी बजावलं की यापुढं एक थेंबही नको. वहिनी थोडा विचार करून म्हणाली की, बरं, मग ते पाणी म्हशीच्या खुरावर घालीन, त्याला कायदा नाय ना? सगळं कोर्ट हसलं.

आता एक सांगते. सांगू नको अशी तिनं मला शपथ घातलीय, ती मोडते. सकाळपासून तिच्या काखेत बोचकं होतं. मी समजले भाकरी आहे. घरी आल्यावर सोडलं, तर दोन लुगडी, वाकळ, कुंकवाचा करंडा. सहा महिन्यांची तयारी करून आली होती, दादा, आणि तरीही खरंच बोलली. मला म्हणाली, दावणीच्या धारा कोण काढील एवढीच काळजी होती.

हे पत्र उद्या सकाळच्या एसटीनं पुढं पाठवते, दुपारच्या गाडीनं ती निघेल. तिला काही विचारू नको. बोचकं मात्र तू स्वतः उतरवून घे, आणि ती नीट पोहोचली, जेवली, हे परतीच्या टपालानं कळव.

तुझी राजा