बिकानेरची वही

प्रिय सुमन,

तू गेल्यापासून पाच महिने मी तुला काही लिहिले नाही. लिहिण्याजोगे काही नव्हतेच. आज मात्र आपल्या मुलाने, निखिलने, फोनवर एक प्रश्न विचारला आणि मी त्याला खोटे उत्तर दिले. हे तुझ्याखेरीज कोणाला सांगू?

तो म्हणाला, "बाबा, तळमजल्याचं ते घर सोडतोय मी. आईला जिना चढायला नको म्हणून घेतलं होतं. आता कशाला ठेवू?" मग म्हणाला, "खरं सांगा, आईला माझ्याकडे यायचंच नव्हतं ना?"

मी म्हणालो, "तिचा जीव लोणावळ्यातच रमत होता."

रमत होता? इथल्या ओलसर हवेत तुझा श्वास कोंडत होता. कपाटात बल्ब जळता ठेवूनही कपड्यांना बुरशी येणाऱ्या या घरात तू उशांना टेकून, बसूनच झोपत होतीस. डॉक्टरांनी चैत्रातच बजावले होते, "पावसाच्या आत यांना कोरड्या हवेत न्या. गुण येतो का, ते तिथे गेल्यावरच कळेल." निखिलची नोकरी बिकानेरला. मुलाचे घर, वाळवंटाची हवा. आणखी काय हवे होते?

मला खात्री हवी होती. अपरिचित शहरी बिऱ्हाड हलवण्यापूर्वी त्या शहराची साद्यंत माहिती घ्यावी, असे माझे मत. मी दोनशे पानी वही केली. पाणी किती खारे, छातीचे डॉक्टर घरापासून किती दूर, धुळीची वादळे कोणत्या महिन्यांत. ओल सोडून धुळीत गेलीस आणि दमा बळावला तर? या एका शंकेपायी मी वैशाख घालवला, ज्येष्ठ घालवला. निखिलला प्रश्नावल्या पाठवल्या. "बाबा, बिकानेरवर पीएचडी करताय का?" असे तो हसून म्हणे, आणि तरीही प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पाठवी.

तू मात्र तुझ्या माहेरच्या, तिकोणा पेठ गावच्या बोलीत एकच म्हणायचीस, "अवो, जाऊन बघू की. न्हाई सोसलं तर येऊ माघारी." एकदा धाप लागलेली असतानाही तू मला चिडवलेस, "लगीन ठरताना माझी येवढी चवकशी केली न्हवती तुमी." मी हसलो नाही. "नव्हती म्हण," एवढेच म्हणालो. चाळीस वर्षे मी तुझी भाषा सुधारत राहिलो. तू सांगते आहेस काय, ते का ऐकले नाही?

"पोराला ठावं हाय न्हवं, मी तयार हाये म्हून?" असे तू विचारलेस. मी "हो" म्हणालो. प्रत्यक्षात तो घाई करी तेव्हा मी त्याला सांगत असे, "आईच्या मनाची अजून तयारी नाही." वही अपुरी आहे, हे सांगण्याची मला लाज वाटे. तू तरी स्वतः त्याच्याशी का बोलली नाहीस? दोन वाक्यांत तुला धाप लागे, म्हणून फोन मीच घेत असे, तेही खरेच.

आषाढात मी वहीत निष्कर्ष लिहिला: 'दसऱ्यानंतर प्रस्थान ठेवणे योग्य.' भाद्रपदात तू गेलीस.

त्या निष्कर्षात आजही मला चूक सापडत नाही, सुमन. तिथे तू वाचली असतीस का, हे कोणत्याच वहीत मिळणार नाही. तुझी क्षमा मागावी, तर ती देणार कोण?

एक वचन मात्र देतो. निखिल ते घर खुशाल सोडो. मला तिथे राहायचे नाही. पण पुढच्या आठवड्यात मी बिकानेरला जात आहे. परतीचे तिकीटही आताच काढले आहे, कारण माझे ऐकल्यावर तो मला ठेवून घेईल, अशी आशा मी बाळगत नाही. त्याच्या उंबऱ्यावरच, आत पाऊल टाकण्यापूर्वी, मी त्याला सांगेन: "तुझी आई यायला तयार होती. मी तिला निघू दिले नाही."

तुझा,
माधव