पिशव्यांना दाखवलेलं ऊन

परभणी,
ता. २२ ऑगस्ट १९७७

ती. गं. भा. मल्लम्मा आत्यास शांताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

गंगाखेडला गाडी बदलून सुखरूप पोचले. तू दिलेल्या धपाट्यांतला निम्मा वाटा मैत्रिणींनीच संपवला, आणि आमच्या कृषी कॉलेजात मुली इनमिन चार, म्हणजे बघ त्यांची भूक.

आता कामाचं. दुकानामागच्या कडब्याच्या खोलीत मी टांगलेल्या पिशव्या तुझ्या भरवशावर आहेत. आप्पा मला काय म्हणाले ते तू ऐकलंसच: पदवीनंतर आणखी दोन वर्षं शिकायचं म्हणतेस, तर शिकून काय येतं ते एकदा घरात करून दाखव, नाहीतर दसरा झाला की पालमच्या रेवणप्पांच्या मुलाशी सुपारी फोडू. मी करून दाखवणारच. पिशव्यांत ओल्या भुशात अळंबीचं बी पेरलं आहे. कुत्र्याची छत्री आपल्या लिंगायताच्या घरात कशाला, म्हणून आप्पांनी नाक मुरडलं, तरी खोली दिली, हे काय कमी?

खोलीत अंधार राहू दे आणि भिंतींवर रोज पाणी शिंपड. बरेच दिवस काही उगवलेलं दिसणार नाही, तरी आत काम चालू असतं. धीर धर, म्हणजे मलाही धरता येईल.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
शांता


॥ ॐ नमः शिवाय ॥

सोनपेठ,
ता. ७ सप्टेंबर १९७७

चि. शांतम्मास आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. मन्मथअप्पाचा गुडघा आहे तसाच, पण दुकानात उभं राहणं सोडत नाही. माझ्या भावाचा हट्टच तुझ्यात उतरला आहे.

तुझ्यावरचं मोठं संकट टळलं. सोमवारी पाणी शिंपडायला गेले तर पिशव्यांतला भुसा पांढराफटक बुरसलेला! पण भुसार मालाच्या दुकानदाराघरी जन्म गेला माझा. डाळीला बुरा आला की काय करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. सगळ्या पिशव्या फोडल्या, माळवदावर चादर अंथरून भुसा पसरला आणि कडक ऊन दाखवलं. आता पांढरा धागा औषधालाही सापडणार नाही. भुसा खडखडीत वाळवून पोत्यात भरून ठेवला आहे. काळजी करू नको.

रेवणप्पांचा निरोप आला, दसऱ्यानंतर येतो म्हणतात. मुलगा बरा आहे, कापडाचं दुकान आहे. माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

तब्येतीला जप, आणि आत्याची आठवण असू दे.

मल्लम्मा


परभणी,
ता. ११ सप्टेंबर १९७७

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं आणि सगळ्यांबरोबर पोट धरून हसले. आत्या, तू ऊन दाखवलंस तेच माझं पीक होतं ग! ते पांढरे धागे म्हणजेच अळंबी. वर येते ती छत्री चार दिवसांची. तिचा खरा जीव आत, अंधारात, भुसा खात वाढत असतो. तू तरी काय करणार, पांढरं दिसेल हे मी सांगितलंच नव्हतं.

आमचे सर म्हणाले, आता पुढच्या हंगामाला बघू. मी नाही म्हणाले. शनिवारी बियाच्या नव्या बाटल्या घेऊन येते. भुसा पुन्हा भिजवू, पुन्हा भरू. दसऱ्यापर्यंत वेळ पुरेल, नाही पुरला तर पुरवू.

आप्पांना वाटतं, शिक्षणाचं हे खूळ कॉलेजात येऊन डोक्यात शिरलं. तसं नाही. मी लहान होते तेव्हा साखरेची पुडी सोडली की तो कागद सरळ करून तू चुलीपुढं वाचत बसायचीस. मी बघत असायची. तेव्हापासूनच हे माझ्यात रुजलं असणार, मला पत्ताही नव्हता. आता वर आलंय, आणि ते उन्हात घातलं तरी जायचं नाही.

रागावू नको, लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
शांता


॥ ॐ नमः शिवाय ॥

सोनपेठ,
ता. २७ ऑक्टोबर १९७७

चि. शांतम्मास अनेक आशीर्वाद.

पोरी, आली तुझी अळंबी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुच्छच्या गुच्छ, कोकराच्या कानांसारखे मऊ. या खेपेला खोलीला कुलूप घातलं होतं, कारण माझ्याच हातांचा मला भरवसा नव्हता. मन्मथअप्पा बघून गेला आणि मठातल्या स्वामींना विचारून आला. भुशातून उगवलं ते भाजीच, असं स्वामी म्हणाले. पण तुझ्या शिक्षणाचं त्यानं काही काढलं नाही.

काल रेवणप्पा चार माणसं घेऊन आले. म्हणाले, पोरगी लय शिकली, आता बास करा, दिवाळी झाली की सुपारी फोडू. मन्मथअप्पानं करून दाखव म्हटलं होतं, तू दाखवलंस, तरी पाहुण्यांपुढं त्याची जीभ उचलेना. मी आत चहा गाळत होते. शांते, मी काहीसुद्धा ठरवलं नव्हतं. विधवा झाल्यापासून परक्या पुरुषांपुढं कधी उंबरा ओलांडला नव्हता. पण चहा घेऊन बाहेर गेले, समोर ठेवला, आणि तोंडून निघून गेलं की पोरगी आजून दोन वर्सं परभणीलाच ऱ्हाणार हाय, थांबता आलं तर थांबा, न्हाई तर तुमाला तुमचा रस्ता मोकळा हाय. हे माझ्यात कधी तयार झालं, देव जाणे.

रेवणप्पा माझ्याकडे न बघता भावाकडे बघत राहिले. तेव्हा मन्मथअप्पा बोलला. अक्काचा सबुद त्योच माजा, एवढंच म्हणाला. पाहुणे चहा घेऊन गेले. पुन्हा येतील असं वाटत नाही. तू निवांत अभ्यास कर, दोन वर्षं तुझी.

नंतर तो ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला. अक्का, तुलाबी शिकायचं व्हतं का, असं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी हो म्हणाले. आणि नुसतं व्हतं न्हाई, आजूनबी हाय, असंही सांगितलं. सांगून मी मोकळी झाले.

माझी चौथी झालेली आहे. तेव्हा दिवाळीला येताना पाचवीची पुस्तकं आण, सहावीची मागाहून बघू. लोभ तर आहेच, पुस्तकं विसरू नको.

तुझी आत्या,
मल्लम्मा