तैलचित्राखालचं नाव

२२ ऑगस्ट २००६
सापडला! केसरीनाथदादा सापडला!
मधल्या सुट्टीत पेपर उघडला आणि हातातला चहा साडीवर सांडला. मुंबईच्या एका संग्रहालयाची बातमी. त्यांच्या तळघरात नौदलाच्या वैमानिकाचं तैलचित्र आहे, एकाहत्तरच्या लढाईतलं. पांढरा गणवेश, छातीवर पंखांचं चिन्ह, दाढी. खाली छापलंय – 'अनोळखी'.
अनोळखी! माझा सख्खा भाऊ तो! विमान घेऊन समुद्रावर गेला तो आलाच नाही. ना देह, ना अस्थी. पस्तीस वर्षं आमच्या राहनाळ गावात ऐकतेय – "कसला वैमानिक? बोटीवर भांडी घाशीत असंल. पलून गेला असंल कुठं." आता बघतेच एकेकाकडे.

२३ ऑगस्ट
आईला कात्रण दाखवायला गेले. तिने तोंड फिरवलं. "कागदावरचा नको दाखवू मना. खराखुरा हाय तिथं ने." ब्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले. कशी नेऊ?

२ सप्टेंबर
संग्रहालयात गेले. मृणाली मॅडम म्हणून तिथे चित्रांचं काम बघतात. पोरगीच आहे, पण बोलते जपून. रॅकमधून चित्र काढलं, वरचं कापड सोडलं. मी हात जोडले. रडले नाही.
"फोटो आहे का जुना?" नाही. गेल्या वर्षीच्या पुरात पेटी गेली – फोटो, पत्रं, त्याचे कागद, सगळं.
"तुमची खात्री आहे?" तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "हो" म्हणाले. चौथ्यांदा विचारलं असतं तर... जाऊ दे.

२० सप्टेंबर
नौदलाच्या कार्यालयाला अर्ज पाठवला. मॅडमनीही पाठवलाय.

१५ ऑक्टोबर
उत्तर नाही. मॅडम म्हणतात, थांबूया. मी म्हटलं, आमची आई थांबेल का? मग त्या म्हणाल्या, घरातल्या दोघांनी ओळखल्याचं लिहून द्या. "आईंना आणता का?"
"तिला झेपत नाही," म्हटलं. झेपलं असतं बहुतेक, गाडीतून. मीच नको म्हटलं.

१९ ऑक्टोबर
नामाशी कडाक्याचं भांडण. धाकटा भाऊ, पण आता गोदामांचा मालक, बोलणं ताठ. "ताई, मी नऊ वर्षांचा होतो. मला चेहराच आठवत नाय. खोटी सही कशी करू?"
खोटी? गावात लोक दादाला पळपुटा म्हणतात तेव्हा तुझं खरं कुठे जातं रे?
"तुला तो हवाय म्हणून तो दिसतोय," म्हणाला.
मी उठले नाही. त्याच्या ऑफिसात हमाल येत होते, ट्रकवाले येत होते, मी खुर्चीत बसून. शेवटी केली सही. माझ्याकडे बघितलं नाही.

१० नोव्हेंबर
ठरलं! चार डिसेंबरला, नौदल दिनी, चित्र वरच्या दालनात लागणार. खाली पितळी पट्टी – केसरीनाथ, राहनाळ, भिवंडी. गावाचं नाव मी हट्टाने घालायला लावलं. वाचू देत सगळ्यांना.

२६ नोव्हेंबर
सरपंचांना, शाळेला, शेलार गावातल्या आत्याकडच्यांना – सगळ्यांना आमंत्रण. दादा भांडी घासत असेल असं जे म्हणायचे त्यांना आधी! दोघांनी मान खाली घातली. बरं वाटलं. लपवत नाही.

३ डिसेंबर
आई येतेय. नामाची गाडी. तिने ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. मी इतकी वर्षं तिच्या डोळ्यांत असलं काही पाहिलं नव्हतं.

४ डिसेंबर
टाळ्या झाल्या. आई खुर्चीतून उठली, कुणाचा हात घेतला नाही. हार बाजूला सारला. बघत राहिली – खूप वेळ. मग माझ्या कानाशी आली.
"कमळ, ह्यो आपला केसरी न्हाय गो."
"आई, चित्र आहे ते, थोडं इकडंतिकडं–"
"बाराव्या दिशी मीच त्याचे कान टोचले, ह्याच्या कानाला भोक न्हाय. मना नको शिकवू. ह्यो दुसऱ्या कोनाचा पोर हाय."
सगळं गाव समोर. नामा खाली बघत होता. मी माइक घेतला. म्हटलं – "चूक माझी आहे. हा माझा भाऊ नाही. नाव काढा." कुणीतरी हसलं मागे. हसू दे. दादा वैमानिक होता ते होताच.
मृणाली मॅडमनी पट्टीचे स्क्रू काढले. लोक पांगले. गाडी दारात आली, पण आई चित्रासमोरून हलेना.
"याची आय येईस्तवर मी बसतंय," म्हणाली.