लग्नपत्रिकेची पट्टी

३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आम्ही मायलेकी खुशाल आहोत, आपली गाडी ठमाकाकू मात्र नाही. मंगळवारी पुलाच्या ऐन मध्यावर बाईसाहेब बंद पडल्या. मागं हॉर्नचा नुसता गदारोळ, आणि आई, म्हणजे तुमच्या ताई, खिडकीतून मान काढून एकेकाला सुनावत होत्या की ही गाडी तुमच्या जन्माआधीपासून या पुलावरून जाते, जरा दम धरा. इंजिन थंड झाल्यावर गुमान सुरू झाली. तुम्ही येऊन पॉइंट लावून गेलात त्याला जेमतेम आठवडा झाला होता, आणि महिन्यातली ही दुसरी खेप.

आता धीर करून लिहिते. मी ठमाकाकूसाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलंय. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची जोडी उघडमीट करून ठिणगी पाडते ना, तिच्या जागी काडेपेटीएवढी डबी बसते आणि फिरत्या दांड्यावर चुंबकाचं कडं. एकमेकांना काही घासतच नाही, म्हणून झिजतही नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणारे हात आहेत माझे, दोन तारा जोडायला नक्की जमेल. पण बाबांनी गाडी घेतली तेव्हापासून, आणि ते गेल्यावरसुद्धा, अशी एकतीस वर्षं दर तीन महिन्यांनी येऊन पॉइंट तुम्हीच लावत आलात. आईच्या लग्नपत्रिकेची ती कापलेली पट्टी पॉइंटमध्ये सरकवायची, अलगद निसटली की गॅप बरोबर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गाड्यांना लग्नपत्रिका लागते. तुम्हाला विचारल्याशिवाय डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला हात लावायचा धीर होत नाही.

मामींना नमस्कार. लोभ असू द्यावा, ठमाकाकूसारखा मधेच बंद पडू नये.

तुमची भाची


९ मार्च

चि. चष्मेवालीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर मामीचं आहे, मला सध्या लिहायचा कंटाळा येतो.

डबी खुशाल बसव. एवढं मात्र ऐकून ठेव. पॉइंट मरायच्या आधी महिनाभर कुरकुर करतात, डबी मुकाट्यानं मरते. पॉइंट काळे पडले तर रस्त्याच्या कडेला उभं राहून नखांच्या कानशीनं घासावेत आणि घरी यावं. डबी गेली की तिच्याकडे बघत बसावं. लाल आणि काळी तार उलटी लावू नकोस, क्षणात जळेल. बाकी मला विचारायचं कारण नाही. पुढच्या खेपेला मी येणार नाही. ताईला नमस्कार सांग.

मामा

ता. क. आता हे माझं मी लिहिते, ते पत्राची तिकिटं आणायला गेलेत. तुझं पत्र वाचल्यापासून पूल त्यांच्या मनातून जात नाही. म्हणतात, पॉइंट लावून आठवडा टिकले नाहीत, म्हणजे माझा हात गेला. पेन धरत नाहीत, दाढीला सलूनमध्ये जातात. हत्यारांची पेटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकायची भाषा चाललीये. मी तूर्त किल्ली लपवलीये. मला काही थरथर दिसत नाही गं. तूच काहीतरी कर. – मामी


१४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामींची ता. क. वाचली. त्यांच्यावर रागावू नका, आणि किल्ली शोधू नका.

मी झाकण उघडलं, पण डबी बसवायला नव्हे. आधी तुम्ही ठेवलेली गॅप गॅरेजमधून मागून आणलेल्या पोलादी पात्यांच्या गेजनं मोजली. हवी मिलिमीटरचे चाळीस शतांश, निघाली अठ्ठावीस. एवढी कमी असली की इंजिन तापल्यावर ठिणगी मरतुकडी होणारच. खरं सांगते, माझं तोंड उतरलं. वाटलं, तुम्ही म्हणता तेच खरं.

मग पट्टीची आठवण झाली. ती गाडीच्या कप्प्यातून काढून दुकानात नेली आणि काचेची जाडी मोजायच्या यंत्रात धरली. अठ्ठावीस! तीनदा मोजली, तिन्ही वेळा अठ्ठावीस. आईच्या कपाटातून अख्खी पत्रिका काढली, ती मोजली. चाळीस!

मामा, तुमचा हात नाही गेला, पट्टी गेली. एकतीस वर्षं पेट्रोलनं पुसून आणि पॉइंटमधून ओढून ती झिजली. तुमच्या हातानं जेवढी पट्टी तेवढीच गॅप ठेवली, केसभर इकडेतिकडे नाही. नुसत्या बोटांनी एवढं अचूक काम आमच्या अख्ख्या दुकानात कुणाला जमणार नाही, मला तर नाहीच. तुमचा फार अभिमान वाटला, म्हणून आज दुकानातूनच लिहायला बसले.

डबी खोक्यातच आहे. आईनं अख्ख्या पत्रिकेची नवी पट्टी कापून दिलीये, तेव्हा पॉइंट ठेवायचे तर तेही होईल. काय ते येऊन ठरवा. पेटी घेऊन या.

वाट पाहणारी,
भाची


२६ मार्च

चि. चष्मेवालीस,
अ. उ. आ.

काल सुखरूप पोचलो. डबीच बसवायची असं मी का ठरवलं, ते तिथं बोललो नाही. पट्टी झिजते, पॉइंट झिजतात, मीही काही नवा राहिलो नाही. ठमाकाकूनं आमच्या भरवशावर पुलावर का उभं राहावं? आणि खरं सांगू, ते कडं डबीला न टेकता फिरताना पाहून मी खूश झालो. कुणाला हात न लावता काम करून घेणं मला जन्मात जमलं नाही.

तारा तू माझ्याहून नेटक्या जोडल्यास. फक्त गॅप लावायला डबीसोबत आलेली प्लास्टिकची पट्टी गटारात पाडलीस. कड्यात आणि डबीत ऐंशी शतांश गॅप हवी, आणि तू रडकुंडीला आलेली. नवी पट्टी दुमडून घातली, चाळीस आणि चाळीस, अलगद निसटली. त्यावर ताईनं खिडकीतून विचारलं की तिचं लग्न अजून किती वर्षं कामी येणार आहे! पहिल्या किल्लीला इंजिन सुरू झालं तेव्हा मात्र तिनं डोळे पुसले, ते मी पाहिलं.

तू गॅप मोजलीस, आणि पट्टीही मोजलीस. मला ते सुचलं नाही, मी सरळ हातालाच दोष देऊन मोकळा झालो. जुने पॉइंट, नवी पट्टी आणि कानस फडक्यात बांधून गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेत, डबी मुकाट्यानं गेलीच तर असू देत. झिजलेली पट्टी मी माझ्या पाकिटात आणलीये. जूनमध्ये येतोच. आता गाडीचं निमित्त नाही, नुसता येतो.

हे पत्र माझ्या हातचं आहे. मामी म्हणते, अक्षर पहिल्याइतकंच वाईट आहे. मी तिला दोनदा म्हणायला लावलं.

तुझा,
मामा